हिकरी फोर्कच्या ड्रेनेजची भागीदारी

डेल्मर स्टिडमला सरकारकडून फक्त एक पाइप हवा होता, तोही दोन गल्ल्यांपुरता. गावाची ड्रेनेजची लाइन पोस्टाच्या कोपऱ्यावर येऊन थांबली होती. ती पुढे डेपो रस्त्यावरच्या त्याच्या हार्डवेअरच्या दुकानापर्यंत यावी, एवढंच त्याचं मागणं. विमानतळ मागितला असता तर तो लवकर मिळाला असता, हे त्याला पुढे कळलं.

आपण जन्मात सरकारकडून छदाम घेतला नाही, असं डेल्मर चारचौघांत छाती काढून सांगत असे. रस्ता, शाळा, टपाल, आईची पेन्शन आणि पुराच्या वेळी हेलिकॉप्टरने आलेल्या पाण्याच्या बाटल्या या गोष्टी तो हिशेबात धरत नसे. पूर्व केंटकीच्या डोंगरात एवढी सूट सगळ्यांनाच असते. इथला माणूस शेजाऱ्याला ताटातला घास काढून देईल, पण स्वतःला भूक लागली आहे हे डॉक्टरलाही सांगायचा नाही. तेव्हा अशा माणसावर सरकारी दारात जायची वेळ आली ती काही उगाच नाही.

त्याचं कारण नोला. ही त्याची एकुलती एक मुलगी, ओहायोत डेटनला एका इस्पितळाच्या कँटीनमध्ये स्वयंपाकीण. कोळशाच्या खाणी बंद पडल्यापासून हिकरी फोर्कची पोरं शाळा संपली की बॅग भरतात आणि उत्तरेला ओहायोची वाट धरतात. नोलानेही धरली. यंदा नाताळात ती घरी आली, दुकानाच्या रिकाम्या अर्ध्या भागात उभी राहिली, भिंतींवर टकटक केलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "डॅडी, इथे खाणावळ झकास चालेल. सूप बीन्स, कॉर्नब्रेड, रविवारी चिकन डंपलिंग्ज. वर डोंगरात एल्क हरणं बघायला पर्यटक येतात, ते बिचारे पेट्रोल पंपावरचे वेफर्स खाऊन परत जातात."

"बघू," डेल्मर म्हणाला.

"मला कॉलंबसच्या मोठ्या इस्पितळात जागा देतायत. उन्हाळा संपायच्या आत कळवायचंय. तिकडे गेले तर घरच घेऊन टाकीन."

"घर घेणं केव्हाही चांगलं," डेल्मर म्हणाला, आणि खिळ्यांचे डबे नीट लावायला लागला.

या एका वाक्यापायी त्याची बायको अर्नेस्टीन नाताळ संपेपर्यंत त्याच्याशी धड बोलली नाही. ती गावच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. राजेरजवाडे कोणत्या मूर्खपणाने बुडाले हे तिला पाठ होतं आणि घरातही तिची नजर त्याच बाबतीत तीक्ष्ण होती.

"पोरीला 'ये' म्हणून तोंडाने सांगायला काय झालं होतं तुला?"

"तिला तिचं आयुष्य आहे. मी कशाला गळ्यात पडू?"

"गळ्यात पडू नकोस. नुसतं विचार."

"आधी सोय करतो, मग विचारतो. रिकाम्या हाताने कुणाला बोलवू नये."

सोय करायला म्हणून तो आरोग्य खात्यात गेला. तिथल्या बाईंनी चष्म्यावरून बघत सांगितलं की ड्रेनेजची जोडणी नसेल तर लोकांसाठी स्वयंपाक करता येणार नाही, आणि दुकान ओढ्याच्या काठावर असल्यामुळे शोषखड्डाही चालणार नाही. तिथून तो काउंटीच्या जज्जाकडे गेला. क्लोव्हिस रॅटलिफ हे काउंटीचे, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या भागाचे, प्रमुख. त्यांना जज्ज म्हणतात, पण ते न्याय कुणाचाच करत नाहीत. रस्त्यावर खडी कुठल्या मतदाराच्या दारापर्यंत टाकायची, एवढाच काय तो त्यांचा निवाडा.

जज्जसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि डेल्मरकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"दोन गल्ल्यांचा पाइप? डेल्मर, एवढ्याशा कामाला पैसे देणारं सरकार अजून जन्माला यायचंय. पाइप मागू नकोस. पुनरुत्थान माग."

"कशाचं?"

"प्रदेशाचं. हल्ली सगळं भागीदारीत चालतं. वॉशिंग्टनचा थोडा हात, फ्रँकफर्टला आपलं राज्य सरकार आहे त्यांचा थोडा, काउंटीचा थोडा, गावाचा थोडा. सगळ्यांनी मिळून मागासलेला भाग वर काढायचा. त्यात तुझा पाइप कुठेतरी बसवू."

"पण जज्जसाहेब, आपला भाग मागासलेला आहे असं लिहून द्यायचं?"

"लिहायचं फक्त. बोलायचं थोडंच आहे?"

आपल्याकडे म्हण आहे, भागीचं घोडं किवणानं मेलं. चार मालकांचं घोडं असलं की त्याच्या जखमेला मलम कुणी लावायचं यावर चौघांची बैठक बसते आणि तोवर घोडं आटोपतं. डेल्मरला ही म्हण ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण वसंत ऋतू येईतो तिचा अर्थ त्याला कुणीही न सांगता कळला. त्याच्या पाइपाचं नाव आता 'हिकरी फोर्क प्रवेशद्वार प्रादेशिक पुनरुत्थान भागीदारी' असं झालं होतं आणि तो स्वतः तिचा स्थानिक अध्यक्ष. अध्यक्षाला खुर्ची नव्हती, पगार नव्हता, पण फोन सगळे त्यालाच येत. वॉशिंग्टनला राज्याची संमती हवी होती, राज्याला काउंटीचा ठराव हवा होता, काउंटीला गावाचं पत्र हवं होतं, आणि गाव म्हणत होतं की आधी वॉशिंग्टन हो म्हणालं का ते सांगा.

इकडे शेजाऱ्यांचा सल्ला चालू झाला. सल्ला ही हिकरी फोर्कमध्ये अजूनही भरघोस पिकणारी एकमेव वस्तू आहे. पलीकडच्या घरातला हॉबर्ट नेपियर म्हणजे लोकांचा कल पाहून मत बदलणारा माणूस नव्हे. त्याचं मत कायम एकच असे, ते म्हणजे 'खोदा'. त्याच्याकडे मागच्या अंगणात एक पिवळं खोदणयंत्र होतं आणि ते वापरायची संधी तो वर्षानुवर्षं शोधत होता.

"तू नुसता हो म्हण," हॉबर्ट म्हणे. "शुक्रवारी सुरू करतो, रविवारी चर्चला जायच्या आत पाइप मातीखाली. वरून गवत लावतो. सरकारला पत्ता लागायचा नाही."

"ड्रेनेज चोरून नाही घालता येत, हॉबर्ट."

"दारू चोरून गाळता येते, ड्रेनेज का नाही?"

तर्क बिनतोड होता. पण कायदा असा की सरकारी पैशाने जमीन उकरायची तर आधी खाली काही प्राचीन अवशेष आहेत का हे तज्ज्ञाने बघायला हवं. लेक्सिंग्टनहून एक पुरातत्त्ववाले गृहस्थ आले. त्यांनी दोऱ्या बांधल्या, ब्रशने माती झाडली, आणि संध्याकाळच्या सुमारास त्यांना खरोखरच काहीतरी लागलं. सगळं गाव गोळा झालं. गृहस्थांचा चेहरा उजळला होता. ब्रश फिरवता फिरवता मातीतून एक निळा पत्रा वर आला, मग काचेची चौकट, मग दरवाजाची मूठ. हॉबर्ट पुढे वाकला, नीट पाहिलं आणि टोपी काढून म्हणाला, "हा तर आमच्या काकाचा ट्रक. चोरीला गेला म्हणून त्याने विम्याचे पैसे घेतले होते."

पुरातत्त्ववाल्यांनी हा अवशेष किती जुना हे विचारलं नाही, पण विमा कंपनी कोणती हेही कुणी विचारू नये म्हणून हॉबर्टने खड्डा त्याच क्षणी स्वतःच्या यंत्राने बुजवून टाकला. त्यामुळे पाहणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. डेल्मरने तोवर दुकानाचा रिकामा भाग दर आठवड्याला झाडून घ्यायला सुरुवात केली होती. का झाडतोस म्हणून अर्नेस्टीनने विचारलं तर धूळ फार होते म्हणायचा.

आणि मग वॉशिंग्टनहून पत्र आलं की पैशाबद्दल ठरवण्याआधी खात्याचे मिस्टर विनथ्रॉप स्वतः गाव बघायला येणार आहेत. मे महिन्यातला कोणता शनिवार-रविवार सोयीचा ते कळवावं.

इथेच सगळं घोडं पेंड खायला लागलं, आणि मुद्दाम सांगायला हवं की यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. मे महिन्यात या डोंगरात प्रत्येक दफनभूमीचा आपापला रविवार असतो. त्या रविवारी डेटन, सिनसिनाटी, डेट्रॉइटला गेलेली मुलं-नातवंडं गाड्या भरभरून गावी येतात, आजी-आजोबांच्या थडग्यांवर फुलं वाहतात, तिथेच गवतावर चादरी अंथरून जेवतात, आणि सोमवारी आपापल्या वाटेला लागतात. हिकरी फोर्कच्या मोठ्या दफनभूमीचा रविवार असला की गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. जज्जसाहेब म्हणाले, पाहुण्याला बोलवायचं तर गाव भरलेलं असताना बोलवावं. भागीदारीच्या समितीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. ओस पडलेल्या घरात पाहुण्याला बोलवायचं ही कल्पनाच कुणाला शिवली नाही, अध्यक्षांनाही नाही.

एकट्या अर्नेस्टीनने शंका काढली. "डेल्मर, आपण मदत मागतोय की लग्नाचं आमंत्रण देतोय?"

"म्हणजे काय, माणूस घरी येणार आणि आपण त्याला फाटकं दाखवायचं?"

"फाटकं दाखवायलाच तर बोलवलंय."

"ते कागदावर आहे," डेल्मर म्हणाला. जज्जसाहेबांची संगत त्याला लागली होती.

मग गाव कामाला लागलं. डेपो रस्त्यावरच्या बंद दुकानांच्या काचा धुतल्या गेल्या आणि आतला अंधार दिसू नये म्हणून बायकांनी तिथे आपल्या उत्तमोत्तम गोधड्या टांगल्या. हॉबर्टने घराला रंग दिला. चर्चच्या उजाड वाफ्यात कुणीतरी फुलं लावली. न्हावी एस्टिल बंद ठेवलेलं सलून उघडून बसला आणि गिऱ्हाईक म्हणून त्याने मेव्हण्याला खुर्चीत बसवलं. डोंगराच्या कडेला राहणाऱ्या ओपल मावशी नव्वदीला टेकलेल्या, त्यांनीसुद्धा घराच्या ओसरीवर आईच्या हातची चांदण्यांच्या नक्षीची गोधडी लावली. शनिवारी सकाळी डेल्मर रस्त्याच्या मध्यभागी उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. त्याच्या लहानपणी, खाणी चालू असताना, पगाराच्या दिवशी हा रस्ता असा दिसायचा.

मिस्टर विनथ्रॉप हा तिशीतला अतिशय सभ्य माणूस होता. तो अर्धा तास उशिरा आला, कारण गाडी लावायला त्याला जागाच मिळेना. शेवटी शाळेमागे ओढ्याकडेला गाडी लावून तो चिखलाने भरलेल्या बुटांनी चालत आला, आणि आल्याबरोबर अर्नेस्टीनने त्याच्या हातात वाळवलेल्या सफरचंदांच्या थरांच्या केकचा तुकडा ठेवला. त्यानंतर दोन दिवस त्या माणसाचा हात रिकामा राहिला नाही. ज्या दारात जाई तिथे खाणं. तो नाही म्हणायला तोंड उघडी आणि तेवढ्यात तोंडात डंपलिंग जाई.

खाता खाता त्याने आपलं कर्तव्यही केलं. प्रत्येकाला आपुलकीने विचारलं, "कसं चाललंय इथे? काही अडचणी?"

"छे, छे. मजेत," हॉबर्ट म्हणाला.

"गिऱ्हाईकांना बसायला जागा नाही, साहेब," एस्टिल म्हणाला, आणि मेव्हण्याच्या डोक्यावरून पुन्हा एकदा कात्री फिरवली.

"देवाने सगळं दिलंय, बाळा," ओपल मावशी म्हणाल्या. "तू जरा वाळलास मात्र. वॉशिंग्टनला जेवायला मिळत नाही का?"

आणि स्थानिक अध्यक्ष डेल्मर स्टिडम यांना जेव्हा दुकानात उभं करून थेट विचारण्यात आलं की ड्रेनेज नसल्यामुळे तुमचं नेमकं काय नुकसान होतंय, तेव्हा त्यांनी खांदे उडवले. नोला त्यावेळी काउंटरपाशीच उभी होती. दफनभूमीच्या रविवारासाठी तीही डेटनहून आली होती. "नुकसान असं काही नाही," डेल्मर म्हणाला. "आपलं असावं म्हणून. निभतंय."

नोलाने बापाकडे एकदा पाहिलं आणि ती बाहेर निघून गेली. सोमवारी ती परत गेली तेव्हा नेहमीसारखी खिडकीतून हात हलवला नाही.

पुढच्या महिन्यात उत्तर आलं. खात्याने लिहिलं होतं की हिकरी फोर्क येथील व्यापारी चैतन्य पाहून आनंद झाला. बाजारपेठ गजबजलेली आहे, दुकानांतून हस्तकलेचा माल दिसतो, नागरिक समाधानी आहेत. सबब मलनिस्सारणाची निकड तूर्तास दिसत नाही. मात्र गावाची खरी गंभीर समस्या वाहनतळाचा अभाव ही असून, त्यासाठी निधी देण्याचा विचार आहे. योग्य जागा म्हणून डेपो रस्त्यावरची एक अर्धी रिकामी इमारत पाडून ती मोकळी करता येईल.

ती इमारत कोणती हे वेगळं सांगायला नको. डेल्मरने पत्र दोनदा वाचलं आणि मग खिळ्यांच्या पिंपावर बसला. माणूस पाइप मागायला गेला आणि दुकान गमावून आला असं सबंध काउंटीच्या इतिहासात घडलं नव्हतं. निदान अर्नेस्टीनला तरी तसा दाखला आठवला नाही, आणि तिला पुष्कळ आठवायचं.

तो तडक जज्जसाहेबांकडे गेला. जज्जसाहेब खुशीत होते.

"डेल्मर, अभिनंदन. पैसा मंजूर होतोय."

"माझं दुकान पाडून गाड्या लावणार, जज्जसाहेब. कुणाच्या गाड्या? इथे मंगळवारी दुपारी रस्त्यात आडवं झोपलं तरी कुणी उठवायला येत नाही."

"हे खरं आहे," जज्जसाहेबांनी मान्य केलं. "पण पैसा पाठीमागे लागला की पाठ फिरवू नये. आज तळ होऊ दे, पाइपाचं पुढच्या खेपेला बघू. मोबदला मिळेल तुला."

"मला मोबदला नको."

"मग तुला हवंय तरी काय? सुनावणी आहे ना, तिथे सांग. विनथ्रॉप स्वतः येणार आहेत."

त्या दिवसापासून गावाने डेल्मरला पुन्हा सल्ला द्यायला सुरुवात केली. हॉबर्टच्या मते अजूनही खोदावं. एस्टिलच्या मते इमारतीवर कुठल्यातरी युद्धातल्या वीराचं नाव लावावं, म्हणजे ती पाडता येत नाही. वीर आपल्याच घराण्यातला असला तरी त्याची हरकत नव्हती. वाहनतळ नको हे सगळ्यांचं एकमत होतं. मात्र विनथ्रॉपसाहेबांनी जे पाहिलं ते खोटं होतं, हे त्यांना तोंडावर कोण सांगणार, असं विचारलं की जो तो आपल्या बुटांकडे बघत असे. झाकली मूठ सव्वा लाखाची. इतकी वर्षं झाकून ठेवलेली ती परक्या माणसापुढे उघडायची, तीही भर सभेत, यापेक्षा दुकान गेलेलं परवडलं असं वाटणारे लोक होते ते. खरं सांगायचं तर डेल्मर त्यांतला पहिला होता.

सुनावणी काउंटीच्या कचेरीत मंगळवारी ठेवली होती. वरच्या मजल्यावरची सभागृहाची खोली, एक कुरकुरणारा पंखा, समोर टेबलाशी जज्जसाहेब आणि मिस्टर विनथ्रॉप, आणि कडेला बोललेलं सगळं टिपून घेणाऱ्या कारकून बाई. विनथ्रॉप पहिल्याच वाक्यात म्हणाला की आज गाडी अगदी दारात लावता आली, त्याबद्दल व्यवस्थापनाचे आभार. कुणी हसलं नाही.

"वाहनतळाबद्दल कुणाला काही म्हणायचंय?" जज्जसाहेबांनी विचारलं.

पंखा कुरकुरत राहिला. डेल्मर शर्टाच्या वरच्या गुंडीशी खेळत बसला होता. शेजारून अर्नेस्टीन हलक्या आवाजात म्हणाली, "तू नाही उठलास तर मी उठते. आणि मी उठले तर पाषाणयुगापासून सुरू करीन."

डेल्मर उठला. घसा खाकरला, टोपी काढली, ती कुठे ठेवावी ते सुचेना म्हणून परत घातली.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्हाला जागा मिळाली नाही, ते खरं. त्या गाड्यांच्या नंबरप्लेटा पाहिल्यात का तुम्ही?"

"नाही. का?"

"ओहायोच्या होत्या सगळ्या. काही मिशिगनच्या. ती आमची पोरं होती. वर्षातून एकदा मेलेल्यांना भेटायला येतात आणि सोमवारी निघून जातात. तुम्ही आमची बाजारपेठ नाही पाहिलीत. तुम्ही आमचा श्राद्धाचा दिवस पाहिलात."

विनथ्रॉपचं पेन थांबलं.

"दुकानांत माल नव्हता. त्या आमच्या बायकांच्या गोधड्या. त्या काढल्या की मागे काही नाही. हा रस्ता बघायचा तर आत्ता खिडकीतून बघा. तुमची गाडी आहे आणि एक कुत्रं आहे. मी तुम्हाला सांगितलं की निभतंय. ते खोटं होतं. पन्नाशी उलटलेला माणूस तुमच्यासमोर खोटं बोलला, कारण मला लाज वाटली. आमचं काही निभत नाहीये. शाळेचा एकेक वर्ग बंद होतोय. पोरं वाढवायची, शिकवायची, आणि दुसऱ्याच्या गावाला देऊन टाकायची, हा एकच धंदा उरलाय आमच्याकडे."

एवढं बोलून त्याला दम लागला. खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. गावाची अब्रू सगळ्यांदेखत टेबलावर मांडली गेली होती, आणि डेल्मरला वाटलं, आता उद्यापासून खिळा घ्यायलासुद्धा कुणी दुकानाची पायरी चढणार नाही.

तेवढ्यात मागून हॉबर्ट उठला. "आता निघालंच आहे तर सांगतो. माझ्या घराला रंग फक्त समोरून आहे. मागे द्यायला पुरला नाही."

"समोरून तरी आहे तुला," एस्टिल म्हणाला. "मी त्या दिवशी मेव्हण्याचे केस सकाळ-संध्याकाळ कापत होतो. त्याच्या डोक्यावर अजून नीट उगवलेले नाहीत. दाखव रे." मेव्हण्याने टोपी काढून दाखवलं.

ओपल मावशी काठी टेकत उभ्या राहिल्या. "ती गोधडी मी शोभेला लावली नव्हती, बाळा. तिच्यामागे माझ्या छपराचं भोक होतं. पाऊस आला असता तर तुझ्या पानातलं पुडिंग वाहून गेलं असतं."

मग काय विचारता. जे लोक मे महिन्यात श्रीमंतीत एकमेकांना हटत नव्हते तेच आता दारिद्र्यात हटेनात. एकाने आपली विहीर आटल्याचं सांगितलं तर दुसरा म्हणाला, तुला विहीर तरी आहे. कुणाचा पूल वाहून गेला होता, कुणाला दवाखान्यासाठी दोन डोंगर ओलांडावे लागत होते. हॉबर्टने तर उत्साहाच्या भरात पुरलेल्या ट्रकाचाही उल्लेख केला आणि अर्नेस्टीनने त्याला खाली ओढून बसवलं. कारकून बाईंचा हात दुखायला लागला. जज्जसाहेब वाऱ्याची दिशा बघून जगणारे. त्यांनी खुर्ची विनथ्रॉपच्या बाजूने हळूच लोकांच्या बाजूला सरकवली आणि जाहीर केलं की वाहनतळाला आपला प्रथमपासून विरोध होता.

विनथ्रॉपने सगळं शांतपणे ऐकलं. त्याचे कान लाल झाले होते. "मी माझा अहवाल मागे घेतो," तो म्हणाला. "वाहनतळ रद्द. पाइपाचं मी नव्याने मांडतो, आणि या वेळी मंजूर करून घेतो." पाइप पुढे यथावकाश आला, सरकारचं 'यथावकाश' म्हणजे काय हे सांगत बसलो तर ही गोष्ट भागीदारीत जाईल. "फक्त एक सांगा, मिस्टर स्टिडम," विनथ्रॉप पुढे म्हणाला. "मला वर लिहावं लागेल की पाइप टाकल्याने काय होईल. तुमची मुलगी परत येईल असं जज्जसाहेब म्हणतात. नक्की येईल ना?"

डेल्मरने टोपी पुन्हा काढली.

"तिने तसं कळवलंय का?"

"मी तिला विचारलेलं नाही," डेल्मर म्हणाला.

"का नाही?"

हा प्रश्न सरकारी नव्हता, पण डेल्मर उभा होता आणि आज खोटं बोलायचं नाही असं ठरलेलं होतं. "नाही म्हणाली तर काय करायचं, ते मला माहीत नव्हतं."

"मग विचारा की," मागून आवाज आला.

दाराशी, भिंतीला टेकून, गाडीची किल्ली हातात धरून नोला उभी होती. अर्नेस्टीनने तिला फोन केला होता. इतिहास शिकवलेल्या बाईला कोणती घटना साक्षीदाराविना घडू देऊ नये ते कळतं. डेल्मर वळला. सबंध खोली वळली. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ती बरीच दमलेली दिसत होती, रात्रपाळी करून थेट निघाल्यासारखी.

"नोला," तो म्हणाला. आवाज बारीक निघाला म्हणून पुन्हा म्हणाला. "नोला, तू घरी ये. पाइप नाही अजून. काहीच नाही. मला तू इथे हवी आहेस."

"कॉलंबसला मी मागच्या आठवड्यातच नाही कळवलं, डॅडी," ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ते पुसायची तिने तसदी घेतली नाही. "तुम्ही कधी विचारताय याची वाट बघत होते."

कारकून बाईंनी पेन वर धरलं आणि चाचरत विचारलं, "जज्जसाहेब, हे लिहून घेऊ का? आणि कशाखाली?"

जज्जसाहेबांनी नाक शिंकरलं. पंचवीस वर्षं सभा चालवून त्यांना एकच गोष्ट पक्की येत होती, ती त्यांनी केली.

"श्री. स्टिडम यांची विनंती सभेपुढे आहे," ते म्हणाले. "बाजूने असतील त्यांनी हात वर करावा."

सगळी खोली हात वर करून उभी राहिली. मिस्टर विनथ्रॉपचा हातही वर गेला, आणि तो या काउंटीचा मतदार नाही ही हरकत कुणीही घेतली नाही.